केळीच्या बागेतलं पोर आणि टेक्सासची शाळा

दहावीचा निकाल लागला की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या नातेवाइकांपैकी कोणाचा तरी फोन येतोच. पोराला तुझ्याकडे टेक्सासला पाठवतो, घराजवळच्या सरकारी शाळेत अकरावी-बारावी करू दे, पुढे तिथलंच कॉलेज मिळेल. मी फीचा विषय काढला की यंदा एका चुलतभावाने विचारलं तसंच सगळे विचारतात, "सरकारी शाळेले पैसे? आन् तुह्या पोरी तं फुकट शिकतात!"

शिकतात, खरं आहे. आम्ही कामाच्या व्हिसावर आहोत, मुलींचा व्हिसा आमच्या व्हिसाला जोडलेला. ज्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत राहतो, तिथल्या शाळेत त्यांना फी नाही. प्रवेशाच्या वेळी घराचा पत्ता, जन्माचा दाखला आणि लसीकरणाचे कागद मागितले, बस. फक्त शिकायला म्हणून येणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. १९९६ च्या कायद्याने विद्यार्थी व्हिसावर सरकारी शाळेत नववी ते बारावीच शिकता येतं, तेही सगळे मिळून जास्तीत जास्त बारा महिने, आणि त्या शाळेचा एका विद्यार्थ्यामागचा पूर्ण खर्च भरून. सरकारी शाळेत आठवीपर्यंत शिकायला तर हा व्हिसाच मिळत नाही. फी माफ करण्याचा अधिकार शाळेलाही नाही. हा खर्च देशभरात सरासरी वर्षाला १५,००० डॉलरच्या वर जातो. पर्यटक व्हिसावर आणून गुपचूप वर्गात बसवायची युक्तीही मला सुचवून झाली आहे. ते बेकायदा आहे.

भाऊ याला लूट म्हणतो. मला तसं वाटत नाही. इथल्या शाळांचा मोठा खर्च घर-जमिनीवरच्या स्थानिक करातून निघतो, आणि भाडेकरूही तो भाड्यातून भरतच असतो. ज्याचे आईबाप सावद्याला आहेत आणि तिथेच राहणार आहेत, त्याचा खर्च शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्याने का उचलावा?

बारा महिन्यांची अट मात्र मला विचित्र वाटते. मेन राज्यात मिलिनॉकेट नावाचं कागद गिरणीचं गाव आहे. गिरणीला उतरती कळा लागली, शाळेचा पट घसरला, तेव्हा २०१० च्या सुमारास तिथल्या शाळेने फी भरणारी चिनी मुलं आणायचं ठरवलं. आली थोडीच. बाकं रिकामी, पैसे द्यायला पालक तयार, आणि कायदा म्हणतो एक वर्ष झालं, आता निघा. खासगी शाळेला ही मर्यादा नाही. म्हणजे ज्याची ऐपत मोठी, तो चारही वर्षं शिकतो.

पण याच टेक्सासात फी घेण्याचा प्रश्न एकदा पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तिथे निकाल उलटा लागला. डॅलसच्या पूर्वेला टायलर म्हणून शहर आहे. राज्याने १९७५ मध्ये कायदा केला की कागदपत्रांविना राहणाऱ्या मुलांसाठी शाळांना पैसे देणार नाही. मग टायलरच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागायला सुरुवात केली. मजुराच्या घरात ते कुठून येणार? १९८२ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. आईबापांनी सीमा ओलांडली, त्याचा भार पोरांवर टाकता येत नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. एका मताचा फरक होता, हे विसरू नये; इथे अजूनही तो निकाल फिरवायची भाषा अधूनमधून ऐकू येते.

म्हणजे मूल इथे राहतं की फक्त शाळेसाठी येतं, हा खरा प्रश्न. आता हा प्रश्न घेऊन आमच्या केळी पट्ट्यात या.

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, अमेरिकेच्या फीवर संतापणारेच लोक दुसऱ्या दिवशी लिहितात की सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातून येणाऱ्या पावरा-बारेला आदिवासी मजुरांची पोरं आपल्या झेडपीच्या शाळेत कशाला, त्यांच्या सरकारने बघावं. बाग कापायला, घड वाहायला, ट्रक भरायला त्यांचे आईबाप चालतात. कुटुंब बागेतल्या झोपडीत राहतं, पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसते. आणि नंदुरबारची आपली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे त्यांची पोरं अशीच परकी ठरतात, शाळा गुजरातीत. त्यांच्याबद्दल मात्र आपल्याला कळवळा येतो!

कायद्यात खोट नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवा म्हणतो, आणि आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवू नका असंही म्हणतो. अडचण हिशेबात आहे. आपल्याकडे संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, हे आधार पडताळलेल्या पटावर ठरत आलं आहे. ज्या मुलाचं आधार नाही किंवा जुळत नाही, ते वर्गात बसतं, खिचडी खातं, पण शिक्षकाच्या पदासाठी मोजलं जात नाही. बागेतून आलेली, मराठी न कळणारी दहा पोरं घेऊन गुरुजींना फक्त जादा काम मिळतं. असे गुरुजी टाळाटाळ करतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही.

२०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार निघाला, तेव्हा आपल्याच नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण पुढे केलं गेलं. पट नाही म्हणून शाळा हलवायच्या आणि शिवारात राहणारी पोरं पटावर धरायची नाहीत, हे कुठलं गणित? मूल जितके महिने हजर, तितके महिने ते त्या शाळेचं धरा, शिक्षकासकट. आधार नंतर काढता येतं. त्यातलं काही भोपाळने द्यायचं की सगळं मुंबईने, हे दोन्ही सरकारांनी आपसात ठरवावं. तोवर पोरगी चौथीत बसलेली असेल.