नेमबाजीतली नेमणूक

आमच्या रायफल क्लबात पगार कोणालाच नाही. त्यामुळे कोणाला कामावरून काढता येत नाही आणि कोणाला सुटताही येत नाही. पेलेट म्हणजे छर्रे आणि टार्गेट यांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते गृहस्थ एक दिवस बदली होऊन गेले, आणि जाताना "आठवडाभर ठेव रे" म्हणून किल्ली माझ्या हातात देऊन गेले. त्या आठवड्याला आता तीन वर्षं होत आली. किल्लीमागून पावतीपुस्तक आलं, पावतीपुस्तकामागून टार्गेट पुढेमागे नेणाऱ्या कप्पीच्या दोऱ्या आल्या, आणि बैठकीत 'नवशिक्यांसाठी एक स्पर्धा घेऊ या' असं ठरलं तेव्हा सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. चार नेमबाज एकाच दिशेला पाहू लागले की त्या दिशेला उभं राहू नये, हा सुरक्षेचा पहिला नियम. मी तिथेच उभा होतो.

स्पर्धा साधी ठेवायची असं माझ्या मनात होतं. १० मीटरवर एअर रायफल, चार कागद, प्रत्येक कागदावर पाच, असे वीस शॉट, वेळ अर्धा तास. उभं राहून जमत नसेल त्याने रायफल स्टँडवर टेकवावी. मोठ्या स्पर्धेत साठ शॉट असतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्याला सव्वा तास मिळतो, रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि अंगात चिलखतासारखं कडक जाकीट असतं. नवशिक्याला हे सगळं पहिल्याच दिवशी दाखवलं तर तो दुसऱ्या दिवशी बुद्धिबळाकडे वळेल. तसं पाहिलं तर टार्गेटच पुरेसं घाबरवणारं आहे. मधला काळा भाग साडेतीस मिलिमीटरचा आणि त्याच्या पोटात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. या वाक्याच्या शेवटी जो पूर्णविराम आहे, साधारण तेवढा. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा, त्यामुळे त्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. आयुष्यात इतकी सवलत मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही, आणि तरीही माझी सरासरी सांगण्यासारखी नाही.

पहिला पेच 'नवशिका म्हणजे कोण' इथेच पडला. मी जाहिरातीत लिहिलं, 'ज्याने आजवर एकाही स्पर्धेत भाग घेतलेला नाही असा.' पहिला अर्ज आला तो क्लबात अकरा वर्षं नेमाने सराव करणाऱ्या एका सभासदाचा. हा माणूस डोळे मिटून रायफल उचलतो, एक श्वास सोडतो, डोळे उघडतो, आणि नळी काळ्यापासून केसभर जरी बाजूला दिसली तरी हात न हलवता पाय सरकवतो. बरोबरच आहे, हाताने ओढून आणलेला नेम चाप दाबताना परत जातो. पण हे ज्याला कळतं तो नवशिका कसा? तो म्हणाला, "स्पर्धेत कधी उतरलोय का मी? अटीत बसतो की नाही ते सांगा." बसत होता. अट माझ्याच हस्ताक्षरात होती. शेवटी मी त्याला रेंज ऑफिसर केलं. क्लबात एखाद्याला गप्प बसवायचं असेल तर पद द्यावं. पद्धत जुनी आहे, माझ्यावर वापरून झालेली आहे.

दुसरा पेच नियमांचा. मी एक पान लिहिलं होतं. ते नियमवाल्या काकांकडे 'नुसती नजर टाकायला' दिलं, आणि परत आलं तेव्हा चौदा पानं होती. त्यात बुटाच्या तळव्याची जाडी होती. निषेध कसा नोंदवावा याची तीन पानं होती. मी म्हटलं, "काका, ही माणसं रायफल आयुष्यात पहिल्यांदा हातात घेणार आहेत." काका म्हणाले, "म्हणूनच." या 'म्हणूनच'वर काय बोलणार? चौदा पानं छापली आणि नवशिक्यांना माझं एकच पान वाटलं. उरलेली तेरा, ऐन वेळी उपयोगी पडतील म्हणून, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. पडलीही उपयोगी.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद पडला. एअर रायफलच्या सिलिंडरात २०० बार दाबाची हवा लागते. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार असते, यावरून अंदाज यावा. तेवढी हवा हातपंपाने भरायची म्हणजे पहिली शंभर बार विनोदात जातात आणि पुढची शंभर शिव्यांत. आम्ही तिघे आळीपाळीने पंपावर अक्षरशः लोंबकळत होतो. वर नियमवाले काका बाजूला उभे राहून सिलिंडरवरची मुदतीची तारीख मोठ्याने वाचत होते. ते कामही लागतंच, मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नसतो, पण वाचताना निदान त्यांना दम लागत नव्हता. सहाव्या सिलिंडरानंतर मला माझे ठोके कानात ऐकू येऊ लागले. चांगला नेमबाज म्हणे दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत चाप दाबतो. माझ्या दोन ठोक्यांच्या मध्ये तेव्हा जागाच नव्हती.

त्या गडबडीत पाचशे पेलेटचा डबा माझ्या हातून फरशीवर पडला. हे छर्रे कमरेत बारीक असतात आणि मागचा घेर मऊ शिशाचा असतो. तो चेपला की छर्रा कुठे जाईल याचा नेम नाही, शब्दशः. एकेक उचलून दिव्यापुढे धरायचा, गोल तो या वाटीत, चेपलेला त्या वाटीत. रात्री हे करत बसलेल्या माणसाला दुरून कोणी पाहिलं असतं तर निवडणं-टिपणं चाललंय असं वाटलं असतं. मग साबणाने हात धुतले. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, हा नियम मी माझ्या एका पानात ठळक टाइपात घातला होता.

स्पर्धेच्या दिवशी चोवीस नावं होती आणि एकतीस माणसं आली. सहा लेन, चार डिटेल, म्हणजे एका वेळी सहा जणांच्या चार तुकड्या, असं माझं गणित होतं. सहा डिटेल करावे लागले.

एका गोष्टीत मात्र मी कोणाला थट्टा करू दिली नाही. रायफल भरलेली असो वा रिकामी, नळी टार्गेटकडेच. नळीत नारिंगी रंगाची सुरक्षा-दोरी, ती रेंज ऑफिसरने सांगितल्यावरच निघणार. बोट चापावर तेव्हाच, जेव्हा नेम धरलाय. टार्गेटकडे कोणी गेलेलं असताना रायफलीला हात नाही. हे मी प्रत्येक डिटेलला सांगितलं आणि सहाव्या वेळी आवाज बसला. दिवसभरात एकाही नवशिक्याने यात चूक केली नाही. एकदाच एक जण रायफल हातात घेऊन "हे बघा, चाप असा..." करत वळायला लागला आणि रेंज ऑफिसर ओरडला. तो आमचा जुना सभासद निघाला.

आज्ञा मराठीत द्यायच्या ही कल्पना माझी. 'लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड' ऐकून नवे लोक बावचळतात असं माझं मत होतं. अकरा वर्षंवाल्याने पहिल्या डिटेलला खणखणीत आवाजात आज्ञा दिली, "भरा!"

तिसऱ्या लेनवरच्या बाई वळून, रायफल स्टँडवर ठेवून, अदबीने म्हणाल्या, "मी कालच भरली. पावती आहे."

अर्ध्या तासाने तो ओरडला, "थांबा! रिकामी करा!" पाच जणांनी रायफल रिकामी केली. सहाव्याने जागा रिकामी केली. तो पिशवी उचलून, सगळ्यांना नमस्कार करून थेट बाहेर निघाला होता. त्याला परत आणून नळीत दोरी घालून घेतली. दुसऱ्या डिटेलपासून आम्ही लोड-अनलोडवर आलो, आणि मराठी भाषेचं माझ्या हातून व्हायचं ते नुकसान टळलं.

खरा ताप नवशिक्यांचा नव्हताच, त्यांना शिकवायला आलेल्यांचा होता. आमच्या क्लबातला प्रत्येक जण स्वभावाने परोपकारी. एक नवशिका रायफल उचलायचा आणि त्याच्या भोवती तिघे उभे राहायचे. पहिला म्हणायचा, गाल टेकवा. दुसरा म्हणायचा, मान सरळ. तिसरा म्हणायचा, सैल सोडा, अंग अगदी सैल. या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. एकाच माणसाने एकाच वेळी त्या केल्या तर तो खाली बसतो. एका मुलाला कोणीतरी श्वास रोखायला सांगितलं, पण पुन्हा घ्यायला सांगायचं राहिलं. पाच-सात सेकंदांत शॉट झाला नाही तर रायफल खाली घ्यायची असते. हे पोरगं आज्ञाधारक, लालबुंद होईपर्यंत उभं. आणि एक ज्येष्ठ सभासद प्रत्येकाच्या शेवटच्या शॉटच्या आधी कानाशी जाऊन सांगायचे, "२००८, बीजिंग. अभिनव बिंद्रा. शेवटचा शॉट किती? दहा पॉइंट आठ! जास्तीत जास्त असतात दहा पॉइंट नऊ!" माहिती अगदी खरी, हेतूही थोर. पण ज्याचा मागचा शॉट तीनात गेलाय त्याला त्या घटकेला हे ऐकवणं म्हणजे बुडत्याला इंग्लिश खाडी पोहून गेलेल्यांची यादी वाचून दाखवणं.

पाचव्या डिटेलमध्ये चौथ्या लेनवर एक निवृत्त काका होते आणि पाचव्या लेनवर एक ताई. ताईंची रायफल स्टँडवर. दोघांचाही पहिलाच कागद. काकांनी पहिला शॉट मारला, दुर्बिणीतून पाहिलं, तर दहा! थोडं खाली चारातही एक भोक होतं, पण ते शेजारणीचं असणार असं त्यांनी मनाशी ठरवलं. दुसरा शॉट मारला, पाहिलं, तर मध्ये आता तीन भोकं, एकाला एक चिकटून. काकांची पाठ ताठ झाली. आपण उशिरा सुरू केलं, पण अंगात होतंच, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मी स्वतः पाहिला आहे.

इकडे पाचव्या लेनवर शोककळा. ताईंचा कागद कोरा. चार शॉट झाले, एकही भोक नाही. परोपकारी मंडळी धावली. एकाने साइटच्या स्क्रूवर संशय घेतला, एकाने पेलेटवर, एकाने डावा डोळा प्रबळ आहे का ते पाहायला त्यांना दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं. सगळ्यांनी कोऱ्या कागदाकडे टक लावून पाहिलं. शेजारच्या कागदाकडे कोणीही पाहिलं नाही.

सहावं भोक पडलं तेव्हा काका डबीत पेलेट शोधत होते. म्हणजे रायफल मोकळी, काका वाकलेले, आणि टार्गेटवर 'टक्'. ते सावकाश उभे राहिले. दुर्बिणीत पाहिलं, डबीत पाहिलं, ताईंकडे पाहिलं. शाळेत वर करतात तसा त्यांनी हात वर केला. रेंज ऑफिसर पोचेपर्यंत ताईंनी मनाचा हिय्या करून पाचवाही मारला. तोही तिथेच.

कागद टेबलावर आला. सात भोकं. पाच मध्ये घोळक्यात, एक चारात, एक सहात. नियमवाले काका टेबलाच्या पायाखालची तेरा पानं काढून घेऊन आले, टेबल लगेच कलंडलं, ते मी गुडघ्याने धरून ठेवलं. त्यांनी वाचलं, दुसऱ्याच्या टार्गेटवर गेलेला शॉट मारणाऱ्याला शून्य. आणि ज्याच्या टार्गेटवर तो आला, त्याचा स्वतःचा कोणता ते ओळखता येत नसेल, तर त्याला त्यातले सर्वांत जास्त गुण. म्हणजे चौथ्या लेनला दोन दहा फुकटात.

"ओळखता कसं येत नाही?" निवृत्त काका म्हणाले. "हा चार आणि हा सहा. हे माझे. मी माझे ओळखतो."

हे बोलताना त्यांचं बोट मधल्या घोळक्यावरून जरा रेंगाळत गेलं, ते मला दिसलं.

ताईंच्या त्या कागदाचं शून्य झालं. तक्रार न करता पुढचे तीन कागद त्यांनी स्वतःच्या टार्गेटवर मारले. आता पहिल्या क्रमांकाबरोबर आम्ही आणखी एक बक्षीस ठेवलं होतं, पाच शॉटच्या सर्वांत घट्ट ग्रुपचं. गुण कितीही येवोत, भोकं एकमेकांना धरून आहेत का एवढंच पाहायचं. ते बक्षीस माझी कल्पना होती, आणि दिवसभरात फसली नाही अशी एकमेव. कॅलिपरने दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडा मोजल्या, साडेदहा मिलिमीटर. त्यातून छर्र्याचे साडेचार वजा. सहा. एकतीस जणांत याच्या जवळपास कोणी नव्हतं. पण कागद दुसऱ्याचा! कमिटी चाळीस मिनिटं बसली. तेरा पानांत ग्रुप कोणाच्या कागदावर असावा याबद्दल अक्षर नव्हतं. बक्षीस ताईंना द्यायचं ठरलं, आणि नियमवाले काका चौदावं पान लिहायला घेऊन गेले.

संध्याकाळी मी कपाट लावत होतो तेव्हा दोघंही आले. ताईंना तो कागद हवा होता, कारण त्यांच्या आयुष्यातला पहिला ग्रुप त्यावर होता. काकांना हवा होता, कारण त्यावर नाव त्यांचं होतं. थोडं "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" झालं, पण कोणी हातातून सोडेना. शेवटी कागद ताईंनी ठेवायचा आणि काकांनी फोटो काढून न्यायचा अशी तडजोड झाली. काकांनी फोन माझ्याकडे दिला. मी किल्ली दातात धरून फोटो काढायला लागलो.

"नाव येतंय ना वरचं?" काकांनी विचारलं. मी मान हलवली. मग त्यांनी चार आणि सहाच्या भोकांवर अलगद अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हां, आता काढा."