किमान गरज म्हणे!

व्हीआर गेमच्या खाली पीसीची ‘किमान गरज’ म्हणून जे छापतात ना, ते नेमकं कुणाच्या घरचं किमान? आमच्या विश्रामबागेतल्या पीसीत ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटरवर बाकीचे गेम मस्त चालतात. डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारा व्हीआर हेडसेट डोक्यावर चढवला की संपलं! दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रं, तीही सेकंदाला ९० वेळा. म्हणजे एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, जेमतेम ११ मिलिसेकंद. तेवढ्यात जमलं नाही की सॉफ्टवेअर गपचूप ४५ वर येतं आणि मधल्या फ्रेम अंदाजपंचे भरत बसतं. हलणाऱ्या वस्तूंच्या कडा थरथरतात, पोटात ढवळायला लागतं.

रिझोल्यूशन कमी करा म्हणतात. केलं. आता समोर शत्रू आहे का झाड, तेच कळेना. त्यात सांगलीचा मे महिना. कॅबिनेटचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावतोय आणि आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, “अरे, काय जळतंय का बघ!”

दुकानदार शांतपणे सांगतो, “कार्ड बदला की ओ.” बदलतो की! पण त्या कार्डाला जुना एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, पुरत नाही, हे मात्र बिल फाडल्यावर सांगणार.