वीस पोरांच्या शाळेचा हिशेब

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: सीमाभागातल्या ज्या सरकारी मराठी शाळांचा पट वीसच्या खाली गेलाय त्या बंद करा, दहा गावांत मिळून एक मोठी शाळा काढा आणि बस द्या. पैसा वाचेल, सगळ्यांना सारखं शिक्षण मिळेल. नाहीतरी पालकांनाच आता मराठी शाळा नको आहे. मेसेज पाठवणारी माणसं आपलीच आहेत आणि तळमळीनं पाठवतात, म्हणून गप्प बसवत नाही. मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे पालकांच्या शाळा समितीत, आहे. जे रोज बघतो तेच लिहितोय.

"वीस पोरांना दोन शिक्षक म्हणजे उधळपट्टी."

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे: पहिली ते पाचवी, 60 मुलांपर्यंत किमान 2 शिक्षक. म्हणजे वीस पोरं असली तरी दोन. कारण पोरं कमी झाली म्हणून इयत्ता कमी होत नाहीत. पाचही इयत्तांचं गणित, भाषा, परिसर अध्ययन तेवढंच राहतं.

एकच शिक्षक असला की काय होतं ते मागच्या पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिलं. बाई एकट्या होत्या. फळ्याचे खडूनं तीन भाग पाडलेले. एकात मुळाक्षरं, दुसऱ्यात हातच्याची वजाबाकी, तिसऱ्यात पाचवीचा धडा. चुलीवरून दुधाचं पातेलं नुकतं उतरलेलं, पेले मोजायचे होते. तेवढ्यात फोन आला, माहिती आजच्या आज भरून पाठवा. रेंज मिळेना म्हणून बाई मोबाईल घेऊन देवळाच्या कट्ट्याकडे गेल्या. इकडे पाचवीतली एक पोरगी हातात छडी न घेता, मोठ्या मायेनं पहिलीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेत होती. चांगला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तिचा स्वतःचा धडा तसाच राहिला, आणि असे अर्धे तास वर्षभर साठत जातात. बाईंना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

"पालकांनाच मराठी शाळा नको, म्हणून पट घसरला."

इथं मेसेज गाडी उलटी जुंपतोय. एका वर्षी पट थोडा कमी होतो. लगेच एक शिक्षक 'हेच्चुवरी', म्हणजे जादा, ठरतो आणि त्याची बदली होते. मागे एकच उरतो. तोही बैठकीला किंवा ट्रेनिंगला गेला की शाळा गेस्ट टीचरवर, आणि गेस्ट टीचर यायला जून उलटून जातो. पालक हे सगळं बघत असतो. पुढच्या वर्षी तो पोराला व्हॅनमध्ये बसवतो. पट आणखी उतरतो, आणि तोच आकडा शाळा बंद करायला पुरावा म्हणून दाखवला जातो.

दुसरं कारण वयाचं. खाजगी शाळेची व्हॅन चार वर्षांच्या पोराला एलकेजीसाठी दारातून नेते. आपल्या शाळेचं दार पहिलीला उघडतं. दोन वर्षं तिकडं रुळलेलं लेकरू परत कोण आणणार? पट पहिलीत घसरत नाही, त्याच्या दोन वर्षं आधीच घसरलेला असतो. शाळेच्या आवारात मराठीतून बालवर्ग सुरू केला तर त्याचा परिणाम पटावर थेट दिसेल. आमच्या गावात व्हॅनला पैसे भरणाऱ्या तीन घरांना मी विचारलं, तिघांनीही हेच सांगितलं.

"बस दिली की प्रश्न मिटला."

शक्ती योजनेमुळं जून 2023 पासून मुलींना सरकारी बसचं तिकीट नाही, हे चांगलंच झालं. पण बस फुकट तिथं, जिथं ती येते. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पाऊस लागला की ओढे दुथडी भरतात. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांचा तर पावसाळ्यात रस्ताच तुटतो. तिथल्या सहा वर्षांच्या पोराला कुठल्या थांब्यावर उभं करायचं? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं केंद्राच्या नियमांत आहे, ते उगीच नाही. निपाणीकडे आई विड्या वळत बसते, धाकटं पोर थोरल्या बहिणीच्या कडेवर असतं. शाळा गल्लीत असली तर ती पोरगी भावाला ठेवून पळत येते. शाळा पाच किलोमीटरवर गेली की आधी तिचंच नाव गळतं. अशा पोरीला वगळून होणारी बचत मला बचत वाटत नाही.

"मराठीत शिकून कर्नाटकात पुढं काय?"

यातलं अर्धं खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. कन्नड आलं नाही तर आपली पोरं नोकरीत मागं पडतात. पण कन्नड शिकायला मराठी शाळा बंद कशाला करायची? 2015 च्या कायद्यानं कन्नड ही भाषा शाळांत सक्तीची केलीच आहे. अडचण अशी की आमच्याकडे ती शिकवणार कोण, तर त्याच एकट्या बाई, ज्यांचं स्वतःचं कन्नड जेमतेम. तीन-चार शाळांत मिळून एक कन्नडचा शिक्षक द्या, वार ठरवून द्या. वाचायला-लिहायला पोर मायबोलीतून शिकलं की दुसरी भाषा लवकर पकडतं, हे वर्गात उभा राहिलेला कुठलाही शिक्षक सांगेल. आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं घटनेचं कलम 350अ 1956 पासून सांगतंय.

मेसेजसोबत शाळांची यादीही फिरतेय, शाळेचं नाव आणि पट. पुढं पाठवण्याआधी तिच्यात दोन रकाने वाढवा: मंजूर शिक्षक किती, आणि जूनपासून वर्गात प्रत्यक्ष किती. आमच्या शाळेच्या ओळीत पहिल्यात 2 लिहा, दुसऱ्यात 1.