मावशी, बाळाच्या डोळ्यात मध घालायचा नसतो

विट्याच्या मावशीनं काल घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'बाळाला सहा महिने माणसाचा चेहरा दिसतच नाही. तोवर बाहुलीत पांढरट दिसलं तरी आपोआप जातं, मधाचं बोट फिरवा. परक्याला बघून रडलं तर नजर लागली समजा. चेहऱ्यांची ओळख पाचव्या वर्षी पूर्ण होते, नसेल तर मूल मंद.' ताई बाळंतपणाला सांगलीत आलीय, बाळ वीस दिवसांचं. तिनं मला विचारलं, "मध कुठला आणायचा?" म्हणून हे लिहितोय.

बाळाला धूसर दिसतं, एवढं कबूल. वीत-दीड वीत, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्यापुरतंच बरं दिसतं. पण तासाभराचं बाळसुद्धा डोळे-तोंड जागच्या जागी असलेल्या चित्रामागं मान वळवतं. तेच विस्कटून काढलं तर कमी. चार दिवसांत आईचा चेहरा कळतो, फक्त तिचे केस झाकले की गोंधळतं. हे ऐकून ताईनं कानाचा रुमाल सोडला. आईनं लगेच परत बांधायला लावला.

आता ते मधाचं. बाहुलीत पांढरं दिसणं म्हणजे जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्याचा कॅन्सरही. कॅनडातल्या संशोधकांनी 2001 साली 'नेचर'मध्ये 14 जणांबद्दल लिहिलं. दोन्ही डोळ्यांत जन्मतः दाट मोतीबिंदू, उपचार दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान झालेले. पुढं किमान नऊ वर्षं बघायला मिळूनही दोन चेहऱ्यांत डोळे-तोंड यांच्यातलं अंतर कमी-जास्त केलेलं त्यांना नीट ओळखता येईना. सुटे अवयव बदलले तर ओळखायचे. म्हणजे मेसेज जे महिने 'काळजी नको' म्हणून सोडून द्यायला सांगतो, नेमके तेच गेले आणि भरून आले नाहीत. पांढरं दिसलं, फ्लॅशच्या फोटोत चमकलं, की त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठायचा. मधानं डोळ्यात जंतू जातील. वर्षाच्या आत तो चाटवायचासुद्धा नसतो.

नजरेचं काय सांगू! सात-आठ महिन्यांचं मूल परक्याला बघून रडतं, कारण घरचं कोण आणि बाहेरचं कोण हे त्याला कळायला लागलेलं असतं.

आणि पाचवं वर्ष? नवे चेहरे लक्षात ठेवायची हातोटी तिशी ओलांडेपर्यंत वाढत जाते. लहान मुलं टोपी-चष्म्याला फसतात. ताईचा थोरला सहा वर्षांचा. परवा लग्नात फेटा बांधलेल्या दोन वेगळ्या पाहुण्यांना एकच समजून त्यानं दोनदा आईस्क्रीम मागितलं. मंद नाही तो, मावशी. दोन्ही वेळा मिळालं त्याला.