फुटपाथवर झोपतो म्हणजे काम करत नाही? ‘अन्नदान थांबवा’ मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या आणि घरच्या. मथळा ‘पुणेकरांनो, अन्नदान थांबवा’. सोबत रस्त्याकडेला सांडलेल्या भाताचा आणि फेकलेल्या द्रोणांचा फोटो. म्हणणं असं की, फुकट मिळतं म्हणून हे लोक काम करत नाहीत. निवारे रिकामे असतात पण यांना शिस्त नको. हे सगळे बाहेरचे. दिलेलं अन्न फेकतात. आणि संस्था पैसे खातात. चार वर्षं झाली, पुणे स्टेशन आणि ससून रुग्णालयाच्या परिसरात रात्री जेवण वाटणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर मी असतो, गेल्या महिन्यापर्यंत दर रविवारी. हा मेसेज पुढे पाठवणारी माणसं वाईट नाहीत, त्यातले काही माझ्या जवळचे आहेत. म्हणूनच सविस्तर लिहितोय.

‘काम करत नाहीत’ हे सगळ्यात जास्त बोचलं. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीला केसनंद फाट्याजवळ मध्यरात्री डंपर फुटपाथवर झोपलेल्यांच्या अंगावर गेला. तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. ही माणसं कोण होती? अमरावतीकडून मजुरीसाठी नुकतीच आलेली कुटुंबं. काम शोधायला आले होते म्हणूनच ते त्या फुटपाथवर होते.

आम्हाला रात्री भेटतात ते बरेचसे असेच. कुणी ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवतो-उतरवतो, कुणी लग्नसराईत वाढपी असतो आणि पुढचे चार महिने मिळेल ते करतो, कुणी भंगार वेचतो. सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहायचं, मुकादमाने उचललं तर रोज मिळाला, नाहीतर दहाला परत. अशा माणसाला खोली का घेत नाहीस, असं विचारणं सोपं आहे. खोलीला डिपॉझिट लागतं, ओळख देणारा लागतो आणि महिन्याच्या महिन्याला भाडं लागतं. बिनघराच्या माणसाचे खर्चही आपल्याला दिसत नाहीत. अंघोळीचे पैसे, शौचालयाचे पैसे, मोबाईल चार्ज करायचे टपरीवाल्याला पैसे. मोबाईल बंद असला की मुकादमाचा फोन लागत नाही आणि दुसऱ्या दिवसाची हजेरी बुडते. आमच्या एका वाटीभर खिचडीने यातलं काहीच सुटत नाही. तिच्या जिवावर कुणी काम सोडेल, हे मला चार वर्षांत पटलेलं नाही. जानेवारी २०२० मध्ये शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. त्या रांगेत खिशातून सुट्टे काढून देणारे हेच चेहरे मी पाहिले आहेत.

शिवाय फुटपाथवर दिसणारा प्रत्येक जण बेघरही नसतो. मागच्या पावसाळ्यात ससूनबाहेर एक बाई भेटली, करमाळ्याकडची. नवरा आत भरती. चपला उशाला, आणि एक्स-रेचं मोठं पाकीट दुमडू नये म्हणून पदराखाली छातीशी धरलेलं. आत रुग्णांना जेवण मिळतं, त्यात दगडूशेठ गणपती ट्रस्टचा मोठा हात आहे. ती म्हणाली, “त्यांचं आत होतंय दादा, माझंच काय ते बघायचं.” खिचडी अर्धी खाल्ली आणि अर्धी सकाळसाठी झाकून ठेवली. घरी तिला शेत आहे, दोन खोल्यांचं घर आहे. मेसेजमधल्या ‘फुकट्या’ लोकांत तीही मोजली गेली.

निवाऱ्यांचं बघू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरी बेघरांसाठी लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बाराही महिने आणि चोवीस तास, असं सांगितलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही लाखामागे शंभर जणांची सोय, हेच प्रमाण आलं. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीत ३१ लाख २४ हजार लोक होते, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानेच ३१ निवारे हवेत. त्यानंतर २०१७ आणि २०२१ मध्ये गावं हद्दीत आली, ती वेगळीच. आपल्या घराजवळचा निवारा कुठे आहे, हे मी मेसेज पाठवणाऱ्या तिघांना विचारलं. तिघांनाही सांगता आलं नाही. आपल्यालाच ठाऊक नाही, तर परवा रात्रीच्या गाडीने उतरलेल्या माणसाला कोण सांगणार?

आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांच्याही अडचणी ऐका. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, मग दहा वर्षांचा मुलगा कुणाकडे? भंगाराची हातगाडी बाहेर ठेवली तर सकाळी असेल का? पहाटे अड्ड्यावर पोचायचं, तर निवारा शहराच्या दुसऱ्या टोकाला असून काय उपयोग? एका जोडप्याला आम्ही स्वतः एका निवाऱ्यात नेलं होतं. आधार कार्ड नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पाऊस सुरू होता. पुन्हा चल म्हटलं तेव्हा तो माणूस आला नाही. याला ‘शिस्त नको’ म्हणायचं का?

‘बाहेरचे’ या मुद्द्याला मी पुण्याच्या भाषेतच उत्तर देईन. परगावाहून शिकायला आलेल्या गरीब मुलांना या शहराने वार लावून जेवू घातलं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरी मागून शिकलेली माणसं आपल्या आजोबा-पणजोबांत सापडतील. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. त्याआधी १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळात सापडलेल्या मुलांना जेवू घातलं. कुठल्या गावचा, हे तेव्हा आड आलं नाही.

आता त्या फोटोकडे. अन्न वाया जातं हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहतो. पण कारण वेगळं आहे. शनिवारी मारुतीसमोर रांग लागते. रविवारी रात्री स्टेशनजवळ आमच्यासारखे तीन-तीन गट तासाभराच्या अंतराने यायचे. पितृपक्षात, कुणाच्या वाढदिवसाला, गणपतीत तर विचारू नका. एका माणसापुढे दोन तासांत पुलावाचे चार द्रोण येतात. त्याच्याकडे डबा नाही, फ्रिज नाही, भात सकाळपर्यंत आंबतो. मग तो ठेवून काय करणार? आणि तोच माणूस बुधवारी रात्री पाणी पिऊन झोपायचा, कारण बुधवारी कुणीच येत नसे. त्या फोटोत आपलं वेळापत्रक चुकलेलं दिसतं, त्याला भूक नव्हती असं दिसत नाही. अन्नदान थांबवून हे दुरुस्त होणार नाही. वार वाटून घ्यावे लागतील. भाताऐवजी दोन दिवस टिकणाऱ्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चणे द्यावे लागतील.

संस्था पैसे खातात, यावर फार लिहीत नाही. काही खात असतील. पण नोंदणीकृत न्यासाला दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. पावती मागा, नोंदणी क्रमांक मागा, मागच्या वर्षीचा ताळेबंद दाखवा म्हणा. जो दाखवणार नाही त्याला देऊ नका. एकाने दाखवला नाही म्हणून बाकीच्यांना चोर ठरवू नका.

मेसेजच्या शेवटी ‘वेडे फिरतात, पोरं भाड्याने आणतात’ असंही आहे. तसा संशय आला तर पोरासाठी १०९८ वर फोन करा. मनोरुग्ण रस्त्यावर दिसला तर ११२ ला कळवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला सांभाळून उपचारापर्यंत नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, आणि बेघराला हे उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. ग्रुपवर फोटो टाकून त्या पोराचं किंवा त्या मनोरुग्णाचं काहीच होत नाही.

स्टेशनच्या परिसरात वाटणाऱ्या दुसऱ्या दोन गटांशी आम्ही गेल्या महिन्यात बोललो. शनिवार आणि रविवार त्यांच्याकडे राहिले, आम्ही रविवार सोडून बुधवार घेतला. पहिल्या बुधवारी साठ जणांचं नेलं होतं, ते ससूनच्या कोपऱ्यावरच संपलं. पुलाखाली पोचलोच नाही. सोमवार, मंगळवार, गुरुवार अजून कुणी घेतलेले नाहीत.