सूचना कुणी केली, ते तरी कळू द्या

फडके रोडच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो मंदारच्या प्रश्नावरून. "लॉबिंग काय गुन्हा आहे का? कंपनीने आपली बाजू सरकारपुढे मांडायचीच नाही?"

"मांडू दे की," अनघा म्हणाली. "काय मांडली ते आपल्यालाही कळू दे."

मंदारचं म्हणणं, अमेरिकेत कळतंच. १९९५ चा कायदा आहे, आता दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो. फेसबुकवाल्या मेटाने २०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारकडे लॉबिंग करायला २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त खर्च केला, हे त्या नोंदींमुळेच बाहेर आलं.

अनघाने त्या हिशेबाचा फॉर्म वाचलेला होता. त्यात लॉबिस्टची नावं असतात, विधेयकाचा क्रमांक असतो, खर्चाचा आकडा असतो. कुठे संपर्क केला, तर नुसतं 'सिनेट'. कुठल्या सिनेटरला गाठलं ते नाही. विधेयकाच्या बाजूने बोलले की विरोधात, हेही लिहायची सक्ती नाही.

"पण एवढा पैसा ओतून मिळालं काय?" मंदार अडून बसला. "राज्यांना दहा वर्षं एआयवर कायदे करू द्यायचे नाहीत, ही कंपन्यांना हवी असलेली तरतूद सिनेटने जुलै २०२५ मध्ये ९९ विरुद्ध १ मतांनी उडवली."

"आणि दोन-तीन महिन्यांत मेटाने राज्यांच्या निवडणुकांत पैसा घालायला सुपर पॅक, म्हणजे निवडणूक-निधीच्या संस्था, काढल्या," प्रसाद म्हणाला. "शिवाय पैसा हा अर्धाच भाग झाला. मेटाकडे फेसबुक, व्हॉट्सॲप आणि एआय, तिन्ही आहेत. मस्कच्या एक्सएआय या एआय कंपनीने मार्च २०२५ मध्ये एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटरच, घेतलं. ज्यांच्यावर कायदा यायचा, लोकांच्या कानापर्यंतची वाटही त्यांचीच."

"ही नुसती भीती झाली," मंदार म्हणाला.

तेव्हा मी फ्री बेसिक्सची, म्हणजे मोजक्याच वेबसाइट फुकट दाखवायच्या फेसबुकच्या योजनेची, आठवण दिली. डिसेंबर २०१५. फेसबुक उघडलं की समोर ती योजना वाचवायचं आवाहन, खाली बटण. ते दाबलं की ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, तयार मजकुराचं पत्र जायचं. ट्रायने विचारले होते चार नेमके प्रश्न. त्या पत्रांत त्यांची उत्तरंच नव्हती. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेबसाइट बघून डेटाचे वेगवेगळे दर लावणं बंद केलं. पण ते बटण कुठल्या हिशेबात धरायचं? अमेरिकेच्या फॉर्ममध्येही लोकांकरवी आणलेल्या अशा दबावाला रकाना नाही. आपल्याकडे तर लॉबिंगच्या नोंदीचा कायदाच नाही. २०१२ साली वॉलमार्टच्या लॉबिंगवरून संसदेत गदारोळ झाला, तोही त्यांनी अमेरिकेत भरलेल्या कागदांमुळे. याची मला खरंच चीड येते.

तरी ट्रायची एक पद्धत फार चांगली आहे. कुणी काय सूचना केली, त्यावर दुसऱ्याने काय उत्तर दिलं, सगळं संकेतस्थळावर टाकतात. जिओ असो की एखादी ग्राहक संघटना, कुणाचंही पत्र आपण वाचू शकतो. उलट जानेवारी २०२५ मध्ये आयटी मंत्रालयाने डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा आलेल्या सूचना कुणालाही दाखवणार नाही असं आधीच जाहीर केलं. त्या नियमांवर सोशल मीडिया कंपन्यांनी काय मागितलं, हे बघायचा हक्क ज्यांचा डेटा आहे त्यांना नाही. एआयच्या नियमांनाही हीच सवय लागली तर?

"सगळं उघड केलं की कंपन्या कागदावर गुळमुळीत लिहितील आणि खरं केबिनमध्ये बोलतील," मंदार म्हणाला.

"म्हणून भेटींचीही नोंद हवी," अनघा म्हणाली. "कोण आलं, कुठल्या कलमावर बोललं, कुठला कागद देऊन गेलं."

"आणि साध्या माणसाचं काय?" मंदारने विचारलं. "२०१५ मध्ये याच तुमच्या ट्रायने सूचना पाठवणाऱ्या दहा लाखांवर लोकांचे ईमेल पत्ते चव्हाट्यावर मांडले होते."

हा मुद्दा खरा होता. अनघानेही तो मानला. "माणसाचा पत्ता झाकायचा," ती म्हणाली, "कंपनीचं नाव नाही. कंपनीने पैसे देऊन उभ्या केलेल्या संस्थेचंही नाही."

संस्थेमागे कुणाचा पैसा आहे हे शोधणार कोण, यावर मंदार आणि प्रसाद पुन्हा जुंपले.