खुलासा : पाल्याच्या अर्काने करपा 'बरा' होत नाही

"कडुनिंब-लसणाचा अर्क एकदा फवारा, भातावरचा करपा तीन दिवसांत मुळासकट जाईल, बुरशीनाशकाची गरजच नाही" असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो जसाच्या तसा खरा नाही, पण निव्वळ थापही नाही.

करपा हा भाताचा बुरशीमुळे होणारा रोग आहे. काही वनस्पतींचे अर्क प्रयोगशाळेत या बुरशीचे बीजाणू (तिचे सूक्ष्म 'बी') रुजू देत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. काही अर्कांनी रोपाची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही जागी होते : पेरॉक्सिडेजसारखी विकरे (एन्झाइम) आणि फिनॉल ही रोपाच्या बचावाची रसायने वाढतात, पेशीभित्ती चिवट होते. हे सगळे घडायला वेळ लागतो, म्हणून फवारणी रोग येण्याआधी हवी. ओल्या पानावर बीजाणू रुजतो, घट्ट चिकटतो आणि वातावरणाच्या सुमारे ८० पट दाबाने पानाची त्वचा भोकसून आत शिरतो. एकदा आत गेला की वरच्या फवाऱ्याचा फारसा उपयोग नाही. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी असा डोळ्याच्या आकाराचा ठिपका दिसला, तर तेवढे पान गेलेच. ते पुन्हा हिरवे होत नाही.

शिवाय घरगुती अर्काची तीव्रता दर वेळी वेगळी असते, उन्हापावसात तो टिकतही नाही. नत्र खताचा (उदा. युरिया) जास्तीचा हप्ता टाळणे आणि प्रतिकारक वाण निवडणे याला अर्क हा पर्याय नाही, फार तर जोड आहे. लोंबीच्या मानेवर करपा आला असताना अर्काच्या भरवशावर थांबणे तर महागात पडते.

मूळ मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.